भूतानमधील तंबाखूबंदी

भूतान या जेमतेम साडेसात लाख वस्तीच्या हिमालयीन देशात तंबाखूवर आधी धर्माज्ञेने व पुढे कायद्याने घातलेले निर्बंध. देशभरातील विक्रीबंदी १७ डिसेंबर २००४ पासून लागू झाली व २०२१ मध्ये उठली.

उगम : बंदीचे श्रेय सामान्यतः राज्याचे संस्थापक शब्द्रुंग ङावांग नामग्याल (१५९४–१६५१) यांना दिले जाते. त्यांनी १६२९ च्या सुमारास झोंगमध्ये, म्हणजे मठ व राजकचेरी एकत्र असलेल्या किल्ल्यांत, तंबाखू वर्ज्य केली असे अनेक संदर्भग्रंथ सांगतात. मात्र १६२९ हे सिम्तोखा झोंगच्या बांधणीचे वर्ष आहे. नंतरच्या परंपरेने ही आज्ञा त्या वर्षाशी जोडली असण्याचा संभव आहे. भक्कम आधार मिळतो तो १७२९ च्या विधिसंहितेत. दहावे देसी (राज्याचे ऐहिक कारभारी) मिफाम वांगपो यांच्या काळात तेन्झिन चोग्याल यांनी रचलेल्या या संहितेत तंबाखूला मार म्हणजे असुराची युक्ती म्हटले आहे. तिच्यामुळे मूर्ती, ग्रंथ व माणसाचे शरीर विटाळते, युद्धे व रोगराई ओढवते, असे भाकीत बौद्ध गुरू पद्मसंभवांच्या नावे दिले आहे. पद्मसंभव आठव्या शतकातील, तर तंबाखू आशियात आली ती सोळाव्या शतकाच्या आसपास. तेव्हा हे भाकीत उत्तरकालीन मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तंबाखू राक्षसीच्या रक्तातून उगवली ही तिबेटी बौद्ध परंपरेतील कथाही याच वळणाची आहे. मुळात आक्षेप आरोग्याचा नसून विटाळाचा होता, हे विसरता कामा नये. शिवाय सर्व थरांतील लोक सतत तंबाखू खातात अशी तक्रार त्याच संहितेत आहे. म्हणजे आज्ञा पाळली जात नव्हती, हे उघड आहे.

आधुनिक कायदा : वीसपैकी बहुतेक जिल्ह्यांनी आपापल्या हद्दीत विक्री आधीच थांबवली होती, २००४ मध्ये राष्ट्रीय सभेने ती देशभर बंद केली. स्वतःपुरती तंबाखू जबर कर भरून बाहेरून आणता येई. २०१० च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने महिन्याला २०० सिगारेटी किंवा १५० ग्रॅम इतर तंबाखू ही मर्यादा घातली. कर भरल्याची पावती जवळ नसेल तर माल चोरटा धरला जाई आणि तीन ते पाच वर्षांची कैद होई. खिशातली पुडी कोणाची, यापेक्षा तिची पावती कुठे आहे, हा प्रश्न मोठा झाला. २०११ मध्ये शिक्षा झालेला पहिला आरोपी तेवीस वर्षांचा भिक्षू होता. त्याच्याकडील खाण्याच्या तंबाखूची किंमत सुमारे १२० ङुल्ट्रम (भूतानचे चलन) होती. शिक्षा तीन वर्षे. ही शिक्षा गुन्ह्याच्या मानाने अन्यायकारक होती. देशात त्यावर उघड नाराजी उमटली व २०१२ च्या दुरुस्तीने मर्यादा वाढवून शिक्षा सौम्य केल्या.

सीमा व माघार : भूतानचे सीमावर्ती शहर फुन्त्शोलिंग आणि भारतातील जयगाव ही जवळजवळ एकच बाजारपेठ, मध्ये फक्त एक वेस. त्यामुळे काळा बाजार कधीच आटला नाही. २०२० मध्ये करोनामुळे सीमा बंद झाली, तरी तंबाखूची चोरटी आयात सुरूच राहिली आणि तिच्यासोबत संसर्ग येण्याचे भय वाढले. ऑगस्टमध्ये फुन्त्शोलिंगला माल हाताळणाऱ्या एका कामगाराला लागण झाल्याचे आढळल्यावर सरकारने शासकीय करमुक्त दुकानांतून विक्री सुरू केली. २०२१ च्या दुरुस्तीने विक्री व आयात कायमची मोकळी झाली. देशांतर्गत लागवड व उत्पादन यांवरील बंदी मात्र राहिली.

दोमा : सुपारी, विड्याचे पान व चुना यांचा विडा. यावर तंबाखूसारखी बंदी कधी आली नाही. पुरुषांच्या घो या वेशात कमरेच्या पट्ट्यावर छातीपाशी झोळीसारखी पोकळी तयार होते, तिच्यात विड्याचे सामान बाळगण्याची जुनी रीत आहे. भेटीगाठींत दोमा पुढे करणे हा शिष्टाचार मानतात.