बेलीफ आणि वसुलीवाला: पत्रं सारखी, अधिकार वेगळे

२०२३ च्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या मंडळातला एक मुलगा रविवारी दुपारी दोन पत्रं घेऊन घरी आला. मूळचा सांगलीचा, आयटीत नोकरी, इंग्लंडात येऊन दीडेक वर्ष झालेलं. पहिलं पत्र एका खासगी वसुली कंपनीचं. ते टेबलावर ठेवताना त्याचा चेहरा उतरला होता. लाल पट्टी, ठळक अक्षरं, जुन्या मोबाइल बिलाचे ३१२ पौंड आणि खाली एक धमकीवजा ओळ: आमचा प्रतिनिधी तुमच्या घरी येऊ शकतो. "काका, हे कालच भरून टाकले. क्रेडिट कार्डावरून." दुसरं पत्र त्यानं आपलं जाता जाता दाखवायला आणलं होतं. राखाडी, कंटाळवाणं, एका बाजूला कौन्सिलचं, म्हणजे इथल्या पालिकेचं, नाव. मथळा होता ‘नोटीस ऑफ एन्फोर्समेंट’. "हे कौन्सिल टॅक्सचं काहीतरी आहे. बेलीफ म्हणजे समन्स आणून देणारा ना? येईल, देईल, जाईल."

साप साप म्हणून भुई धोपटून झाली होती आणि खरा साप आठवडाभर फ्रीजच्या दारावर मॅग्नेटखाली लटकत होता.

त्याचा घोटाळा कशामुळे झाला ते मला कळतं. बेलीफ हा शब्द आपल्याकडे इंग्रजी अमलातल्या कोर्टांबरोबर आला आणि मराठीत मुरला. आपला बेलीफ कोर्टाचा पगारी माणूस. समन्स बजावतो, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला जातो, आणि त्याला दारात बघितलं की शेजारीपाजारी खिडकीत येतात. इंग्लंडात कौन्सिल टॅक्ससाठी (आपल्या घरपट्टीसारखा पालिकेचा कर) येणारा बेलीफ बहुतेक वेळा खासगी कंपनीचा माणूस असतो. काउंटी कोर्टाकडून त्याला दोन वर्षांचं प्रमाणपत्र मिळालेलं असतं आणि त्याच्या कंपनीचं शुल्क थकबाकीदाराच्याच बोकांडी बसतं. २००७ च्या कायद्यानं त्याचं सरकारी नाव ‘एन्फोर्समेंट एजंट’ झालं आणि ६ एप्रिल २०१४ पासून नवे नियम लागू झाले. आता वसुलीवालाही स्वतःला एजंटच म्हणवतो. दोघांच्या छातीवर बिल्ला, दोघांच्या गाडीवर कंपनीचं नाव. घोटाळ्याला एवढं पुरे. त्यात कधीकधी एकाच कंपनीची दोन्ही दुकानं असतात: इकडे साधी वसुली, तिकडे जप्ती.

फरक एका कागदाचा आहे. त्याचं नाव ‘लायबिलिटी ऑर्डर’, म्हणजे ही थकबाकी तुम्ही देणं लागता असा कोर्टाचा हुकूम.

कौन्सिल टॅक्सचं वर्ष एप्रिल ते मार्च. बिल साधारणपणे दहा हप्त्यांत येतं, मागितले तर बारा मिळतात. एक हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं आणि सात दिवस मिळतात. त्यात भरलं नाही, तर आणखी सात दिवसांनी हप्त्यांची सवलतच जाते आणि उरलेल्या वर्षाची सगळी रक्कम एकदम देणं होते. नव्यानं आलेल्यांना हे पटतच नाही. एका महिन्याच्या १७५ पौंडांकडे कानाडोळा केला आणि हजार मागतात? हो, मागतात. त्यानंतर मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स. एका सकाळी त्या कोर्टात अशी शेकडो नावं एका दमात उरकली जातात, बहुतेक जण हजरच नसतात आणि कौन्सिलला ऑर्डर मिळते. कोर्टखर्च आपल्याच खात्यावर चढतो.

ही ऑर्डर हातात आली की कौन्सिलपुढे बरेच रस्ते खुले होतात. पगारातून परस्पर कपात हा त्यातला एक, बेलीफ हा दुसरा. रक्कम मोठी असेल तर घरावर बोजा किंवा दिवाळखोरीचा अर्ज. इंग्लंडात अगदी शेवटी, जाणूनबुजून भरलं नाही किंवा बेपर्वाई केली असं मॅजिस्ट्रेटला वाटलं, तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंगसुद्धा आहे. वेल्सनं ती तरतूद २०१९ मध्ये काढून टाकली. आणि एक विचित्र गोष्ट: एवढी जबर ऑर्डर, पण ती क्रेडिट रेकॉर्डवर दिसत नाही. मोबाइल कंपनीनं काउंटी कोर्टात जाऊन निकाल मिळवला आणि तो महिन्याभरात फेडला नाही, तर तो मात्र सहा वर्षं दिसतो. त्यामुळे मुलं ॲपमधला क्रेडिट स्कोअर बघून निर्धास्त राहतात.

वसुलीवाल्यामागे असा कोर्टाचा कागद नसतो. मोबाइल, क्रेडिट कार्ड, जिमची वर्गणी अशी थकलेली बिलं कंपन्या वसुलीवाल्याला देतात किंवा विकूनही टाकतात. तो पत्र लिहू शकतो, फोन करू शकतो, दारावर येऊन विचारू शकतो. ‘जा’ म्हटलं की त्यानं जायचं. घरात शिरायचं नाही, वस्तूंची यादी करायची नाही, गाडीला हात लावायचा नाही. आपल्याला कोर्टाचे अधिकार आहेत असं भासवणं हाच त्याचा गुन्हा ठरतो, आणि पैशासाठी छळ करणं हा १९७० पासून इथे फौजदारी गुन्हा आहे. त्याच्या पत्राला घाबरून लगेच पैसे भरायचे नसतात. आधी लेखी विचारायचं: हे कर्ज माझंच कशावरून? आमच्या सांगलीकरानं ३१२ पौंड भरले त्यातले जवळपास निम्मे सिम बंद केल्यानंतरचे होते. भरल्यावर कोण ऐकतं!

तरीही त्याचं पत्र केराच्या टोपलीत टाकू नका. कर्ज खरं असेल तर मूळ कंपनी कोर्टात जाऊ शकते, आणि तिथला निकाल थकवला तर त्याच्यासाठीही बेलीफच येतो.

आता उंबरठा. कौन्सिल टॅक्सचा बेलीफ येण्याआधी सात पूर्ण दिवसांची नोटीस द्यावी लागते. रविवार आणि बँक हॉलिडे त्यात धरत नाहीत. येण्याची वेळ सकाळी सहा ते रात्री नऊ. पहिल्या खेपेला तो कुलूप तोडू शकत नाही, ढकलून आत शिरू शकत नाही, दारात पाय अडकवू शकत नाही, खिडकीतून चढून येऊ शकत नाही. मात्र दार नुसतं लोटलेलं असेल आणि तो ढकलाढकली न करता आत आला, तर ते कायद्यानं चालतं. म्हणून दाराला आतून कुलूप. घरात फक्त सोळा वर्षांखालचं मूल असेल तर त्यानं आत यायचंच नाही.

आपल्या लोकांची फसगत नेमकी इथे होते. दारात माणूस आला की आपण ‘या ना आत’ म्हणतो. आई भारतातून आलेली असेल तर पाणी विचारते. एकदा तो आत आला की टीव्ही, लॅपटॉप, सोफा यांची यादी करतो आणि ‘कंट्रोल्ड गुड्स ॲग्रीमेंट’वर सही मागतो. अर्थ असा: वस्तू तुमच्याच घरात राहतील, पण जप्त धरल्या जातील, तुम्ही ठरल्याप्रमाणे हप्ते भरायचे. हप्ता चुकला तर नोटीस देऊन तो परत येतो, आणि त्या खेपेला त्याला बळानंही आत शिरता येतं. पहिल्या दिवशी जो बाहेर उभा राहून बोलला असता, त्याला आपणच चहापाण्यात किल्ली दिलेली असते.

सगळंच नेता येत नाही. शेगडी, फ्रीज, वॉशिंग मशीन, अंथरूण-पांघरूण, घरच्यांपुरतं जेवणाचं टेबल आणि खुर्च्या यांना हात लावायचा नाही. कामधंद्याची अवजारं १,३५० पौंडांपर्यंत सुरक्षित. रूममेटचा लॅपटॉप त्याचाच आहे हे दाखवता आलं तर तोही. खरा धोका गाडीला. ती बाहेर उभी असते, तिच्यासाठी दार उघडावं लागत नाही आणि चाकाला क्लॅम्प लावायला काही मिनिटं पुरतात.

शुल्काचं गणित सोपं आणि क्रूर आहे. २०१४ च्या नियमावलीनं ठरवलं की प्रकरण बेलीफकडे गेलं रे गेलं की ७५ पौंड. तो दारात आला की आणखी २३५, मग तुम्ही दार उघडा की झोपून राहा. वस्तू विक्रीला काढल्या तर आणखी ११०. शेवटच्या दोन टप्प्यांवर १,५०० पौंडांच्या वरच्या रकमेचे साडेसात टक्के. तुमच्या पत्रावरचे आकडे चालू नियमांशी ताडून घ्या. पण पायरी तीच राहते: नोटीस आणि पहिली फेरी यांच्यामधल्या दिवसांत फोन केला तर दुसऱ्या पायरीचे पैसे वाचतात. वसुलीवाला दारात येण्याचं असं कुठलंही सरकारी शुल्क नाही.

आमच्या मुलाचे ते दिवस शनिवारीच संपले होते.

सोमवारी सकाळी पावणेआठला, अजून पुरता उजाडलेलं नसताना, बेल वाजली. आदल्या रात्री मी त्याला तीनच गोष्टी सांगितल्या होत्या: दार उघडू नकोस, वरच्या खिडकीतून बोल, आणि पैसे नाहीत असं न सांगता किती देऊ शकतोस ते सांग. माणूस सभ्य होता. कोटावर कॅमेऱ्याचा लाल ठिपका. "बाहेर थंडी आहे, आत बसून पाच मिनिटांत मिटवू." आमचा गडी संस्कारानं जवळजवळ खाली निघालाच होता. मग खिडकीतूनच म्हणाला, तुमचं प्रमाणपत्र टपालाच्या फटीतून टाका. त्यानं कार्ड काचेला लावून दाखवलं. यानं फोनवर प्रमाणित बेलीफांच्या सार्वजनिक नोंदवहीत नाव शोधलं, ते निघालं. तोतयेही फिरतात, म्हणून हे करायचंच. दहा मिनिटांनी एक चिठ्ठी आत पडली: १,१४० अधिक ७५ अधिक २३५, एकूण १,४५० पौंड.

त्यानं मग थेट कौन्सिलला फोन लावला. ऑर्डर निघाली तरी कर्ज कौन्सिलचंच असतं, बेलीफ कौन्सिलच्या वतीनं येतो, त्यामुळे कौन्सिलशी बोलायचा रस्ता कधीच बंद होत नाही. झेपतच नसेल तर कर्जसल्लागारामार्फत ‘ब्रीदिंग स्पेस’ घेता येते. मे २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ती साठ दिवसांची आहे. तेवढा काळ बेलीफला थांबावं लागतं. सिटिझन्स ॲडव्हाइस, नॅशनल डेटलाइन, स्टेपचेंज हे सल्ला फुकट देतात. पैसे घेऊन कर्ज मिटवून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

थकबाकी मुळात झाली कशी, ही गोष्ट या एकट्या मुलाची नाही. घरपट्टी मालक भरतो हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे कौन्सिल टॅक्स राहणाऱ्यावर, म्हणजे सहसा भाडेकरूवर. (घरातली एकेक खोली वेगवेगळ्यांना भाड्यानं दिली असेल तर बहुधा मालकावर.) करारावर दोघांची नावं असतील तर पूर्ण रकमेला दोघंही जबाबदार, निम्मी-निम्मी हा आपला घरगुती हिशोब. घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कर माफ. पण बायको शिकतेय आणि नवरा नोकरी करतोय, तर नवरा एकटाच मोजला जातो आणि पंचवीस टक्के सूट मिळते. ही सूट मागायला लोक घाबरतात, कारण व्हिसावर ‘पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत) घ्यायचे नाहीत असं लिहिलेलं असतं. उत्पन्न कमी म्हणून मिळणारी ‘कौन्सिल टॅक्स रिडक्शन’ पब्लिक फंडात मोडते, ती घ्यायची नाही. एकट्या प्रौढाची पंचवीस टक्के सूट आणि विद्यार्थ्यांची माफी त्यात मोडत नाही. नावं मिळतीजुळती, परिणाम एकदम उलटे.

स्कॉटलंडात राहणाऱ्यांनी यातलं बरंचसं सोडून द्यावं. तिथे बेलीफ नाहीतच, शेरीफ ऑफिसर आहेत, आणि ‘समरी वॉरंट’ (वसुलीचा कोर्टहुकूम) निघालं की थकबाकीवर सरसकट दहा टक्के चढतात.

आमच्या मुलाकडे परत येतो. फ्लॅट दोघांचा होता. कराचं डायरेक्ट डेबिट मित्राच्या खात्यातून जायचं. वर्षाचं बिल १,७५० पौंड, एप्रिल ते जुलै चार हप्ते गेले. जुलैअखेर मित्राची बदली झाली, तो हिंजवडीला परतला, खातं बंद. स्मरणपत्रं येत राहिली. पाकिटावर मित्राचं नाव आधी, याचं नंतर. दुसऱ्याचं टपाल उघडू नये म्हणून यानं ती जपून खणात ठेवली. समन्ससुद्धा त्यातच मिळालं. उरलेले १,०५० आणि कोर्टखर्च ९०, असे १,१४० झाले होते.

फोनवर बोलताना यानं मित्रावर राग काढला, त्याच्याकडून निम्मे वसूल करा म्हणाला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, तो घर सोडून कधी गेला? जुलै म्हटल्यावर त्यांनी खातंच फोडलं. मित्राची जबाबदारी चार महिन्यांची, म्हणजे ५८३ पौंड. भरलेले हप्ते ७००, कारण वर्षाचे पैसे दहा महिन्यांत जातात. ऑगस्टपासून हा एकटा, म्हणून पंचवीस टक्के सूट मागील तारखेपासून: २९२ पौंड कमी. बेलीफचे ३१० आणि कोर्टाचे ९० तसेच राहिले. एकूण १,१५८, सहा हप्त्यांत, आणि बेलीफची फेरी थांबली.

त्या रात्री मित्राला फोन करून यानं सगळं ऐकवलं. मित्रानं शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाला, "म्हणजे मीच ११७ पौंड जास्त भरलेत. निम्मे तुझे धरले तरी बाकीचे कधी पाठवतोस?"