मंगळवेढ्याचा दगड आणि शिशाचा हिशोब

मागच्या उन्हाळ्यात मंगळवेढ्याकडचे एक काका पोत्यात गुंडाळून दगड घेऊन आले. ज्वारी काढल्यावर नांगराला लागला म्हणे. काळा, जड, नारळाएवढा. "सर, वरनं पडलेलाच हाय बघा. लोहचुंबक चिकटतंय की!"

चिकटत होतं, पण उगाच आपलं नावाला. आपल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात, चुंबक तेवढ्यानेही ओढ घेतं. बहुतेक उल्कांत निकेलमिश्रित लोखंड असतं, तिथे ओढ कितीतरी जोरकस. शिवाय या दगडाला वाटाण्याएवढी भोकं होती, एकात पांढरी गारगोटी बसलेली. ही भोकं म्हणजे लाव्हारसातले वायूचे बुडबुडे. उल्केवर जळक्या सालीसारखा पातळ काळा थर असतो, बुडबुडे क्वचितच. असे दगड माझ्याकडे वर्षाला चार-पाच तरी येतात. अजून एकही उल्का निघालेली नाही. भट्टीतलं खंगर मात्र दोनदा निघालं.

काका हिरमुसले नाहीत. म्हणाले, "मग ह्याच्यावरनं पृथ्वीचं वय तरी कळंल का?"

नाही कळणार. सोलापुरात विहीर खणताना मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण असे जे थर लागतात, ते दख्खनच्या लाव्हाचे, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे. पृथ्वीच्या मानाने कालचं पोर. पृथ्वी आपले जुने दगड जपत नाही. झिजवते, पोटात घेते, पुन्हा वितळवते. तिची जन्मतारीख हवी असेल तर तिच्याच बरोबर जन्मलेल्या आणि नंतर कुणी हात न लावलेल्या दगडाकडे जावं लागतं, म्हणजे उल्केकडे. ती वाट शेवटपर्यंत चालला क्लेअर पॅटर्सन, 1922 साली अमेरिकेतल्या आयोवात जन्मलेला भूरसायनशास्त्रज्ञ.

युरेनियम हळूहळू शिसं होतं. त्याचे दोन प्रकार, नावापुढचा आकडा अणूच्या वजनाचा. युरेनियम-238 निम्मं व्हायला सुमारे 447 कोटी वर्षं लागतात, युरेनियम-235 ला सुमारे 70 कोटी. पहिल्यापासून शिसं-206 तयार होतं, दुसऱ्यापासून शिसं-207. दोन घड्याळं, दोन वेग. अडचण एकच: आज दगडात दिसणाऱ्या शिशातलं मुळातलं किती आणि नंतर साठलेलं किती? सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, आरंभीची शिल्लक माहीत नसेल तर वहीतल्या बेरजा फुकट. ती शिल्लक सापडली ॲरिझोनात पडलेल्या कॅन्यन डायब्लो या लोखंडी उल्केत. तिच्यातल्या लोह-गंधकाच्या खनिजात युरेनियम जवळजवळ नाहीच, म्हणजे तिथलं शिसं सूर्यमालेच्या जन्माच्या वेळचं, जसंच्या तसं.

पण त्याआधी पॅटर्सनची काही वर्षं वैतागात गेली. शिकागोत तो झिरकॉन या खनिजाच्या बारीक कणांतलं शिसं मोजत होता आणि आकडे दर वेळी अवाच्या सवा यायचे. दगडातलं शिसं कमी, बाहेरचंच जास्त: धुळीतलं, नळाच्या पाण्यातलं, रंगातलं, स्वतःच्या केसांतलंसुद्धा. पुढे कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत त्याने खास प्रयोगशाळा उभारली. गाळलेली हवा, आम्लाने धुतलेली भांडी, पुन्हापुन्हा पुसलेल्या फरशा. माझ्या मते त्याचं खरं काम इथे झालं. बाकी गणित त्याच्याआधीही लोकांना येत होतं. 1953 साली मोजमाप झालं, 1956 साली तीन दगडी आणि दोन लोखंडी उल्का मिळून आकडा छापून आला: 455 कोटी वर्षं, 7 कोटी इकडेतिकडे. तो आजही फारसा हललेला नाही.

एखादा एवढ्यावर आयुष्यभर सत्कार घेत बसला असता. याच्या डोक्यातून मात्र ती घाण जाईना. एवढं शिसं येतं कुठून? समुद्राच्या वरच्या पाण्यात शिसं जास्त आणि तळाशी कमी निघालं, म्हणजे ते वरून, अलीकडेच पडत होतं. बोट पेट्रोलकडे गेलं. इंजिन ठोकू नये म्हणून 1923 पासून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळत होते. 1965 साली पॅटर्सनने ते उघड मांडलं. तेल उद्योगाचं अनुदान बंद झालं. पुढे ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांत तर 1940 नंतर शिसं एकदम उसळलेलं दिसलं. 1971 साली हवेतल्या शिशावर सरकारी पातळीवर अभ्यास झाला, तेव्हा समितीत या विषयातल्या सगळ्यात जाणत्या माणसालाच घेतलं नाही. तो मोजत राहिला. डिसेंबर 1995 मध्ये तो गेला आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या रस्त्यांवरून शिसेयुक्त पेट्रोल पूर्ण हद्दपार झालं.

आपल्याकडे फेब्रुवारी 2000 मध्ये. पंपावर 'अनलेडेड'ची पाटी लागली तेव्हा मी स्कूटर घेऊन रांगेत होतो. मागच्याने विचारलं, "हे काय नवीन?" मी ठामपणे सांगितलं, "इंजिनाला चांगलं असतं." भूशास्त्र शिकवायला लागून तेव्हा मला सहा वर्षं झाली होती.