सिगारेटने टेन्शन खरंच उतरतं का?

‘एक झुरका मारला की डोकं शांत होतं’, हे विशी-पंचविशीतल्या मुलामुलींकडून हमखास ऐकू येतं. शांत वाटतं, हे खोटं नाही. पण उतरतो तो बहुतेक वेळा आधीच्या सिगारेटनेच आणलेला ताण.

निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. मग चिडचिड, अस्वस्थता, कशात लक्ष न लागणं. पुढची सिगारेट ही तलफ भागवते आणि श्रेय मात्र ‘टेन्शन घालवल्याचं’ घेते. आग लावणाराच बंब घेऊन हजर!

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट जातात. त्रास बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. त्यात कॉफीचा एक छुपा घोळ असतो. धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करत असतं. धूर थांबला की तेवढीच कॉफी जास्त चढते, छातीत धडधडतं आणि दोष सिगारेट सोडण्याला जातो. त्या दिवसांत कॉफी निम्मी करून बघा.

२०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २६ अभ्यासांचा आढावा छापला. सिगारेट सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण, तिन्ही कमी झालेले आढळले.