इक्विफॅक्स माहितीगळती व नुकसानभरपाई

इक्विफॅक्स माहितीगळती व नुकसानभरपाई : इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती संस्थेच्या संगणकांतून २०१७ मध्ये सुमारे १४ कोटी ७० लाख व्यक्तींची वैयक्तिक माहिती चोरीस गेली. ही चोरी, तिच्या चौकश्या आणि त्यांतून झालेली २०१९ची तडजोड यांचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. माहिती चोरीला गेलेल्या ग्राहकाला भरपाई कशाची, किती व कोणाकडून मिळावी, हा प्रश्न या प्रकरणात प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर कसाला लागला. कायद्याच्या अभ्यासात त्याला महत्त्व आहे ते त्यामुळेच.

संस्थेचे मूळ १८९९ मध्ये अटलांटा (जॉर्जिया) येथे स्थापन झालेल्या रिटेल क्रेडिट कंपनीत आहे. इक्विफॅक्स हे नाव १९७५ पासूनचे. बँका व सावकारी कंपन्या कर्जदारांची माहिती तिला पुरवितात आणि ती त्यावरून पतअहवाल तयार करून विकते. ज्याची माहिती आहे तो माणूस सहसा तिचा ग्राहक नसतो आणि त्याने तिच्याशी कोणताही करार केलेला नसतो. सेवा पसंत नाही म्हणून तिच्याकडून आपली माहिती काढून घेण्याची सोयही त्याला नसते. पुढील सर्व कायदेशीर अडचणी या एका गोष्टीतून उद्भवल्या आहेत.

घटनाक्रम : अपाची स्ट्रट्स या मुक्तस्रोत आज्ञावलीतील गंभीर दोष आणि त्यावरील पॅच (दोष दूर करणारी दुरुस्ती) दोन्ही ७ मार्च २०१७ रोजी जाहीर झाले. ९ मार्चला इक्विफॅक्समध्ये तो पॅच ४८ तासांत बसविण्याची सूचना ईमेलने फिरली. पतअहवालातील चुकांबाबत तक्रारी स्वीकारणारे संकेतस्थळ मात्र तसेच राहिले. नंतरच्या तपासणीतही ते सुटले. त्यामागील यंत्रणा १९७०च्या दशकातील होती. १३ मेपासून चोरांनी या वाटेने माहिती काढण्यास सुरुवात केली. एका फाइलीत उघड्यावर ठेवलेली वापरकर्त्यांची नावे व परवलीचे शब्द त्यांच्या हाती लागले आणि तीन माहितीसाठ्यांवरून त्यांची पोहोच एक्कावन्न साठ्यांपर्यंत गेली. सुमारे ९,००० पृच्छा करून त्यांनी नावे, जन्मतारखा, पत्ते व सामाजिक सुरक्षा क्रमांक (अमेरिकेत ओळख पटविण्यासाठी वापरला जाणारा सरकारी क्रमांक) नेले. याशिवाय सुमारे २,०९,००० कार्डक्रमांक आणि १,८२,००० व्यक्तींची तक्रारीसोबतची कागदपत्रेही गेली. २९ जुलैला संशयास्पद हालचाल लक्षात आली. दुसऱ्या दिवशी संकेतस्थळ बंद करण्यात आले. लोकांना हे कळले ते ७ सप्टेंबरला.

बाधितांचा आकडा वेगवेगळ्या ग्रंथांत वेगवेगळा आढळतो. पहिल्या घोषणेत तो १४ कोटी ३० लाख होता, ऑक्टोबरमध्ये १४ कोटी ५५ लाख झाला आणि मार्च २०१८ मध्ये १४ कोटी ७९ लाखांवर गेला. तडजोडीच्या कागदपत्रांत ‘सुमारे १४ कोटी ७० लाख’ असा उल्लेख आहे. प्रस्तुत नोंदीत तोच स्वीकारला आहे.

प्रमाणपत्राचा वाद : चोरी सुमारे अडीच महिने कोणाला दिसली नाही, याचे तांत्रिक कारण निर्विवाद आहे. सांकेतिक रूपातील वाहतूक उघडून तपासणाऱ्या उपकरणाला चालू मुदतीचे डिजिटल प्रमाणपत्र लागते. या प्रमाणपत्राची मुदत संपली होती, त्यामुळे वाहतूक न तपासताच पुढे जात राहिली. नवे प्रमाणपत्र बसविताच चोरी दिसली. मतभेद आहे तो मुदत कधी संपली याविषयी. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ऑगस्ट २०१८च्या अहवालात हा काळ चोरी सुरू होण्यापूर्वी सुमारे दहा महिने असा दिला आहे. प्रतिनिधिगृहाच्या देखरेख समितीच्या डिसेंबर २०१८च्या अहवालानुसार उपकरण एकोणीस महिने निकामी होते. एक मोजणी चोरीच्या आरंभापासून मागे जाणारी व दुसरी शोध लागेपर्यंतची आहे, असे धरले तरी मधले अडीच महिने मिळवून दहाचे साडेबाराच होतात. फरक मिटत नाही. पहिला आकडा कंपनीच्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या माहितीवर आधारलेला आहे. समितीने कागदपत्रे व साक्षी तपासल्या होत्या आणि कंपनीतील ३०० हून अधिक प्रमाणपत्रांची मुदत टळल्याचेही तिने नोंदविले आहे. समितीचा आकडा अधिक ग्राह्य वाटतो.

हा तपशील क्षुल्लक नाही. मुख्याधिकारी रिचर्ड स्मिथ यांनी २६ सप्टेंबर २०१७ रोजी पद सोडले. ऑक्टोबरमध्ये संसदेपुढे साक्ष देताना त्यांनी दोष एका व्यक्तीच्या चुकीवर आणि एका तपासणी यंत्रणेच्या अपयशावर ठेवला. साक्षीच्या आदल्या दिवशीच एका वरिष्ठ अधिकाऱ्याला पॅचविषयीचा ईमेल पुढे न पाठविल्याबद्दल कामावरून काढण्यात आले होते. एक ईमेल राहून जाणे ही एका माणसाची चूक म्हणता येईल. दीड वर्षाहून अधिक काळ नजर ठेवणारे उपकरण आंधळे असणे आणि ते कोणाच्या लक्षात न येणे, याची जबाबदारी एका माणसावर टाकता येत नाही. ही चोरी पूर्णतः टाळता येण्याजोगी होती, असा समितीचा निष्कर्ष आहे.

घोषणेनंतरचे वर्तन : कंपनीने मोफत पतदेखरेख (पतअहवालातील बदलांवर नजर ठेवून ग्राहकाला कळविणारी सेवा) देऊ केली, परंतु तिच्या अटींत न्यायालयाऐवजी लवादाकडे जाण्याचे कलम होते. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांसह अनेकांनी विरोध केल्यावर ते मागे घेण्यात आले. तरी त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला, वित्तीय कंपन्यांना अशा कलमांद्वारे सामूहिक दावे रोखण्यास मनाई करणारा नियम सिनेटने ५१ विरुद्ध ५० मतांनी रद्द केला. निर्णायक मत उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांचे होते. ग्राहकांच्या पदरी एक ठोस सुधारणा पडली : मे २०१८च्या कायद्याने आपला पतअहवाल गोठविण्याची, म्हणजे आपल्या नावावर नवे कर्ज काढता येऊ नये म्हणून तो नव्या सावकारांना बंद ठेवण्याची, सोय सर्वांना विनाशुल्क झाली.

तडजोड : जॉर्जियातील संघीय न्यायालयात देशभरचे दावे एकत्र करण्यात आले. माहिती सुरक्षित राखण्याचे कायदेशीर कर्तव्यच आपल्यावर नाही, असा कंपनीचा बचाव होता. न्या. थॉमस थ्रॅश यांनी जानेवारी २०१९ मध्ये निष्काळजीपणाचा दावा पुढे चालू दिला. मात्र मे २०१९ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात, असे सर्वसाधारण कर्तव्य त्या राज्याच्या कायद्यात नाही, असा निर्णय दिला. तडजोड झाली ती यानंतर दोनच महिन्यांनी. तिच्यावर टीका करणारे बहुतेक लेखक या निर्णयाचा उल्लेख करीत नाहीत; वादींची बाजू त्या वेळी किती डळमळीत होती, हे त्याशिवाय समजत नाही.

२२ जुलै २०१९ रोजी संघीय व्यापार आयोग, ग्राहक वित्तीय संरक्षण कार्यालय आणि ५० राज्ये व प्रदेश यांच्याबरोबर किमान ५७ कोटी ५० लाख व कमाल ७० कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली. त्यांतील ३० कोटी ग्राहक निधीला (गरज पडल्यास आणखी १२ कोटी ५० लाख), १७ कोटी ५० लाख राज्यांना आणि १० कोटी ग्राहक कार्यालयाला दंड म्हणून द्यावयाचे होते. व्यापार आयोगाला पहिल्या उल्लंघनासाठी स्वतः दंड ठोठावण्याचा अधिकार नव्हता. कंपनीने पाच वर्षांत सुरक्षेवर किमान १०० कोटी डॉलर खर्च करावेत, हीदेखील अट होती. दोष मात्र कबूल करण्यात आला नाही.

प्रत्यक्ष खर्चाचा पुरावा देणाऱ्यास २०,००० डॉलरपर्यंत, गेलेल्या वेळेसाठी ताशी २५ डॉलरप्रमाणे २० तासांपर्यंत, आणि दहा वर्षांची पतदेखरेख अशी भरपाई होती. ज्याच्याकडे देखरेख आधीच आहे त्याला १२५ डॉलरपर्यंत रोख घेण्याचा पर्याय होता. गाजला तो हाच आकडा. या पर्यायासाठी एकूण तरतूद केवळ ३ कोटी १० लाख डॉलरची होती. पूर्ण १२५ डॉलर मिळायचे तर २,४८,००० लोकांनीच अर्ज करायला हवे होते, म्हणजे बाधितांपैकी हजारी दोघांनीही नाही. लाखो अर्ज आले. ३१ जुलैला, घोषणेनंतर नऊ दिवसांत, रक्कम फारच कमी मिळेल, तेव्हा देखरेख निवडावी, असे आयोगालाच सांगावे लागले. रोख मागणाऱ्यांच्या हाती अखेर या रकमेचा लहानसा अंश पडला. १२५ हा आकडा ठळकपणे पुढे करून मर्यादा बारीक तपशिलात ठेवणे ही लोकांची दिशाभूल होती, असे म्हणणे भाग आहे.

न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये तडजोडीला अंतिम मान्यता दिली. वादींच्या वकिलांना ७ कोटी ७५ लाख डॉलर मिळाले. हरकती घेणाऱ्यांच्या अपिलांमुळे अंमलबजावणी जानेवारी २०२२ पर्यंत रखडली आणि रकमांचे वाटप २०२२च्या अखेरीस सुरू झाले. चोरीला तोवर पाच वर्षे उलटली होती.

हानी म्हणजे काय : माहिती गेली, पण खात्यातून पैसे गेले नाहीत, अशा व्यक्तीची हानी झाली काय, यावर न्यायालयांत एकमत नाही. अकराव्या परिमंडळाच्या (जॉर्जिया ज्यात येते त्या) संघीय अपील न्यायालयाने जून २०२१ मध्ये इक्विफॅक्स प्रकरणी, ओळखचोरीचा वाढलेला धोका दाव्यासाठी पुरेसा मानला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्सयुनियन या दुसऱ्या पतमाहिती संस्थेविरुद्धच्या खटल्यात ८,१८५ वादींपैकी ज्यांचे चुकीचे अहवाल प्रत्यक्ष बाहेर गेले अशा १,८५३ जणांनाच भरपाई मागण्याचा अधिकार मान्य केला. युरोपीय संघाच्या न्यायालयाचा कल उलट दिशेला आहे : डिसेंबर २०२३च्या बल्गेरियातील करखात्यासंबंधीच्या निर्णयानुसार दुरुपयोगाची रास्त भीती हीदेखील भरपाईयोग्य हानी ठरू शकते. कार्ड बदलता येते. जन्मतारीख बदलता येत नाही आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक क्वचितच बदलून मिळतो. अशा माहितीबाबत युरोपीय भूमिका वस्तुस्थितीला अधिक धरून आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेने चीनच्या सैन्यातील चौघांवर या चोरीचा आरोप ठेवला. चीनने तो नाकारला. ब्रिटनमध्ये माहिती आयुक्तांनी २०१८ मध्ये ५ लाख पौंड (जुन्या कायद्यातील कमाल) आणि वित्तीय नियामकाने २०२३ मध्ये १ कोटी ११ लाख पौंडांहून अधिक दंड केला.

भारतीय संदर्भ : माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ नुसार निष्काळजी कंपनीकडून बाधित व्यक्तीला भरपाई मागता येते. पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, महाराष्ट्रात मुंबईला, चालतात. मात्र २०११च्या नियमांतील ‘संवेदनशील’ माहितीच्या यादीत परवलीचे शब्द, आर्थिक, वैद्यकीय व जैवमितीय तपशील आहेत. नाव, पत्ता, जन्मतारीख वा ओळखक्रमांक नाही. इक्विफॅक्समधून मुख्यतः जे गेले, ते या व्याख्येबाहेर पडते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा सुचविण्यासाठी नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८च्या मसुद्यात बाधिताला भरपाईचा स्वतंत्र हक्क होता. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात तो नाही. सुरक्षेतील कसुरीबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि कलम ४३अ वगळण्यात येते. नोव्हेंबर २०२५च्या अधिसूचनेनुसार हे वगळणे अठरा महिन्यांनी अमलात येईल. पतमाहितीपुरती एक लहान तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे : तक्रारीनंतर ३० दिवसांत अहवालातील चूक दुरुस्त न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये तक्रारदाराला मिळतात. ती एप्रिल २०२४ पासून लागू आहे. माहिती चोरीस गेल्यास ती लागू होत नाही.