थंडीतले उष्ण मसाले : किती घ्यावे, कसे वापरावे, कोणी जपून

कोकणातली थंडी देशावरच्यासारखी कडक नसते. पहाटे गारवा, दुपारी ऊन आणि हवेत कायम दमटपणा. त्यामुळे मिरी, सुंठ, लवंग इथे चिमटीच्या हिशेबानेच वापरावी. जास्त घातली की गुण वाढत नाही, पित्त मात्र उठतं.

दोन माणसांचा काढा

दोन कप पाण्यात गवती चहाच्या 2-3 पाती आणि बोटाच्या पेराएवढं ठेचलेलं आलं घाला. 6 मिरीदाणे आणि अर्धा इंच दालचिनी जाडसर कुटून टाका. झाकण ठेवून मंद आचेवर 7-8 मिनिटं उकळा. एक लवंग शेवटच्या दोन मिनिटांतच घाला. गॅस बंद केल्यावर गूळ. आलं नसेल तर पाव चमचा सुंठपूड पुरते. आलं वाळताना त्यातला तिखटपणा वाढतो, म्हणून सुंठ आल्याच्या मापाने घालू नये.

काढा कडू-तुरट झाला, तर बहुतेक वेळा तो उघड्या भांड्यात फार आटवलेला असतो. सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं आणि सालीचा तुरटपणा तेवढा मागे राहतो. दूध घालायचं असेल तर आलं नीट उकळल्यावर घाला आणि गूळ कपात घ्या, नाहीतर दूध फाटतं.

या काढ्याने सर्दी बरी होत नाही, ती आपल्या दिवसांनीच जाते. पण घशाला शेक मिळतो, चोंदलेलं नाक जरा मोकळं वाटतं. दिवसाला एक कप पुरे. ताप तीन दिवस हटला नाही किंवा धाप लागली, तर काढ्यावर थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

हळदीच्या दुधात चिमूटभर मिरपूड घालायची पद्धत योग्यच आहे. मिरीतल्या पिपरीनमुळे हळदीतलं कर्क्युमिन अंगात जास्त शोषलं जातं. दूध साईचं घ्यावं, कारण कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

दालचिनी ओळखून घ्या

खऱ्या दालचिनीची साल कागदासारखी पातळ, थरावर थर गुंडाळलेली असते आणि बोटांनी मोडते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही याच दालचिनीची जात. बाजारात स्वस्त मिळणारी जाड, टणक, एकाच थराची साल बहुधा कॅशियाची असते. तिच्यात कूमारिन बरंच जास्त असतं, आणि ते रोज पोटात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. कधीतरी मसाल्यात वापरली तर चालते. रोज सकाळी चमचाभर पूड घेणाऱ्यांनी मात्र हा फरक जरूर पाहावा.

जायफळ सहाणेवर दोन-चार वळसे उगाळलं की झालं. चमचाभर पोटात गेलं तर मळमळ, धडधड आणि भ्रम होऊ शकतो. तान्ह्या बाळाला चाटवण्याआधी डॉक्टरांना विचारा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर देऊच नये.

तिरफळाचं काळं बी काढून टाकावं, नुसतं टरफल वापरावं. बांगडा किंवा तारल्यांच्या आमटीत ते शेवटच्या पाच मिनिटांत, किंचित ठेचून घाला. फार उकळलं की कडवटपणा उतरतो.

कोणी जपून

आम्लपित्त किंवा तोंड येण्याचा त्रास असलेले, गरोदर स्त्रिया, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणारे. मधुमेहींनी दालचिनीच्या भरवशावर गोळी बंद करू नये.

घेताना आणि ठेवताना

मिरी पाण्यात टाकून पाहा. भरीव दाणा तळाशी जातो. पोल दाणे आणि भेसळीच्या पपईच्या बिया तरंगतात. तेल काढून घेतलेली लवंगही तरंगते.

मसाले कोरड्या काचेच्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवा. उकळत्या भांड्यावर बरणी झटकली की वाफ आत शिरते आणि पूड गोळा होते. चमचा कोरडाच हवा. फ्रीजमधली बरणी सारखी आत-बाहेर केली तरी आत दव धरतं. पूड महिन्याला पुरेल एवढीच करा. जायफळ मात्र अख्खंच ठेवा, लागेल तेव्हा उगाळा.