होम थिएटर कपाटात ठेवताय? आधी हवेची वाट काढा

टीव्ही युनिट बनवून घेताना सुतारासमोर एकच मागणी असते: तारा दिसायला नकोत. मग पाठीला प्लायवूड, पुढे काचेचं दार आणि मागे तारांपुरतं दोन इंची भोक. आत रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारं होम थिएटरचं मुख्य यंत्र, बसतो, त्याच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स, आणि त्यावर विणलेला रुमालही. तासाभरात ऐन सिनेमात आवाज जातो आणि स्टँडबायचा लाल दिवा लुकलुकू लागतो. रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये गेलेला असतो, म्हणजे नुकसान टाळायला त्याने स्वतःलाच बंद केलेलं असतं.

याचं कारण दरवेळी उष्णताच असतं असं नाही. चालू करताक्षणी किंवा आवाज वाढवताच बंद पडत असेल, तर आधी स्पीकरच्या वायरी तपासा. वायरीचा एखादा सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी प्रोटेक्शन लागतं. अर्धा-पाऊण तास नीट चालून मग बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर उष्णतेवर संशय घ्यावा.

आवाज कमी ठेवला की रिसीव्हर थंड राहील, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. घरगुती पातळीवर ऐकताना स्पीकरपर्यंत सरासरी एक-दोन वॉटच पोहोचतात. बहुतेक रिसीव्हरमध्ये असतो तो एबी क्लासचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र नुसता चालू असतानाही ट्रान्झिस्टरमधून थोडा प्रवाह सतत वाहता ठेवतो. त्यात एचडीएमआय बोर्डावरच्या चिपा आणि ट्रान्सफॉर्मर यांची भर पडते. सात चॅनेलचा रिसीव्हर अशा वेळी सहज 60 ते 100 वॉट खेचतो आणि ते जवळपास सगळे उष्णता होऊन कपाटात उतरतात. म्हणून म्यूट करून जेवायला बसण्यापेक्षा तो बंद करावा. इको मोड असेल तर रोजच्या बातम्या-मालिकांसाठी लावून ठेवावा. ‘एचडीएमआय पास-थ्रू’ची (रिसीव्हर बंद असतानाही सेट-टॉप बॉक्सचं चित्र टीव्हीपर्यंत पोहोचवणारी सोय) गरज नसेल तर तेही बंद करावं, कारण त्यामुळे स्टँडबायमध्येही रिसीव्हर कोमट राहतो.

उष्णतेने सगळ्यात आधी झिजतात ते रिसीव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारे सुटे भाग. त्यांच्यातलं द्रव उष्णतेने हळूहळू उडून जातं. ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी कमी झालं तर आयुष्य दुप्पट होतं. 105 अंशांना 2,000 तासांची हमी असलेला कॅपॅसिटर 75 अंशांना सुमारे 16,000 तास टिकतो आणि 65 अंशांना 32,000. रोज चार तासांच्या हिशोबाने हा अकरा वर्षं आणि बावीस वर्षं इतका फरक आहे. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात एसी नसलेली खोलीच 40 अंशांवर जाते आणि कपाटातली वाढ त्याच्यावर चढते. खोलीचं तापमान आपल्या हातात नसतं, पण ही वाढ 10 अंशांच्या आत ठेवता येते.

त्यासाठी किती हवा लागते? 100 वॉट उष्णता 10 अंशांच्या वाढीत बाहेर न्यायची तर मिनिटाला सुमारे 500 लिटर हवा बदलावी लागते. पंख्याच्या खोक्यावरच्या मापात हे साधारण 18 सीएफएम (मिनिटाला घनफूट) होतं. शेजारी गेम कन्सोल असेल आणि खेळताना तो आणखी 200 वॉट ओढत असेल, तर 53 सीएफएम लागतात. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. कपाटात त्याच्या निम्माच धरावा.

नुसत्या भोकांवर का भागत नाही? गरम हवा आपोआप वर जाते हे खरं, पण अर्धा मीटर उंचीच्या कपाटात 10 अंशांच्या फरकाने मिळणारा रेटा जेमतेम 0.2 पास्कल असतो. 120 मिलिमीटरचा संगणकातला साधा पंखा 10 ते 20 पास्कल दाब देतो. नैसर्गिक रेटा इतका दुबळा असल्यामुळे धूळ बसलेली जाळीसुद्धा त्याला अडवते. युनिटची पूर्ण पाठ काढून टाकता आली आणि भिंतीपासून 10 सेंटिमीटर अंतर सुटलं, तर मात्र एकट्या रिसीव्हरला पंखा लागणारही नाही. पाठ काढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तोच आधी करून पाहावा.

ते जमत नसेल तर पंखा बसवा, पण हवा बाहेर फेकणारा, आणि पाठीच्या वरच्या कोपऱ्यात. बंद कपाटात हवा नुसती घुसळणारा पंखा काही उपयोगाचा नाही, उलट स्वतःच्या एक-दोन वॉटची भर घालतो. 120 मिलिमीटरच्या पंख्याला 115 मिलिमीटरचं भोक आणि स्क्रूच्या भोकांमध्ये 105 मिलिमीटर अंतर लागतं. हवा कुठल्या बाजूला जाते ते फ्रेमवरचा बाण सांगतो. बाण नसेल तर आडव्या दांड्यांची बाजू ही हवा फेकण्याची. 80 मिलिमीटरचा पंखा घेऊ नका; तेवढीच हवा ओढायला तो जास्त वेगाने फिरतो आणि शांत प्रसंगात त्याची घरघर ऐकू येते.

बहुतेकांचं चुकतं ते हवा आत येण्याच्या जागेत. पंख्याच्या तोंडाएवढी, म्हणजे किमान 100 चौरस सेंटिमीटर, वाट खाली पुढच्या बाजूला हवी. दाराखाली 50 सेंटिमीटर लांब आणि 2 सेंटिमीटर उंच फट ठेवली की झालं. झुरळं-पालींसाठी जाळी लावणार असाल तर फट दुप्पट करा. मग पंखा चालू करून फटीजवळ पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे. तारांच्या भोकाजवळ तो जास्त जोरात ओढला जात असेल, तर पंखा तिथूनच हवा घेतोय आणि रिसीव्हर कोरडाच राहतोय. ते भोक फोमने बुजवा.

पंख्याला 12 व्होल्ट, 1 अँपिअरचा अडॅप्टर पुरतो. मध्ये डब्ल्यू 1209 हे स्वस्त थर्मोस्टॅट मॉड्यूल घातलं तर पंखा गरजेपुरताच फिरतो. त्यात कूलिंग मोड निवडा, 38 अंश लावा आणि पंखा सुरू होणं व बंद होणं यांतला फरक 3 अंशांचा ठेवा. सेन्सर रिसीव्हरच्या मागे वर टांगा, धातूला टेकवू नका. त्याच्या रिलेमधून पंख्याचे 12 व्होल्टच न्या, 230 व्होल्ट नकोत.

रिसीव्हर सगळ्यात वरच्या फळीवर, डोक्यावर 10 ते 15 सेंटिमीटर मोकळे सोडून ठेवा. त्याच्यावर काहीही ठेवायचं नाही. दोन तासांचा सिनेमा लावून तारेचा सेन्सर असलेल्या थर्मामीटरने कपाट आणि खोली यांतला फरक मोजा. 10 अंशांहून जास्त आला तर पंखा बदलण्याआधी खालची फट वाढवून बघा.

दिवाळीच्या सफाईत प्लग काढून रिसीव्हरच्या जाळीवर मऊ ब्रश फिरवा आणि ब्लोअरने धूळ बाहेरच्या दिशेने उडवा. झाकण मात्र उघडू नका, कारण बंद केल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये काही काळ विजेचा भार राहतो. पंख्यावर ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी सोडली तर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.