अहवालाखाली सही कुणाची?

'अहवाल' हा शब्द मूळचा अरबी. 'हाल' म्हणजे स्थिती आणि तिचं अनेकवचन 'अहवाल'. वाटेत भेटलेल्या माणसाला आपण हालहवाल विचारतो तोच हा शब्द, कचेरीत शिरल्यावर जरा ताठ बसायला लागला एवढंच. 'भूमिका' मात्र संस्कृत: उभं राहायची जागा. पोझिशन पेपरला 'भूमिकापत्र' म्हणतात ते म्हणूनच चपखल वाटतं. परिस्थिती काय आहे ते अहवालाने सांगायचं आणि आम्ही कुठे उभे आहोत ते भूमिकापत्राने. म्हणजे पहिल्यात बोलणारा आडोशाला, दुसऱ्यात समोर. हे झालं कागदोपत्री. प्रत्यक्षात या दोन्ही कागदांवरची मोठी भांडणं मजकुराइतकीच खालच्या सहीवरून झाली आहेत.

दुसऱ्याच्या वतीने कसं लिहावं, ही चिंता फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात 'शासनाधिकार' नावाचं एक अख्खं प्रकरण राजाच्या लेखी शासनांबद्दल आहे. त्यात लेखनाचे सहा गुण आणि पाच दोष सांगितलेत. काळवंडलेलं पत्र आणि फिकट, वेडीवाकडी अक्षरं ही 'अकांती'. आधीच्या विधानाशी पुढचं न जुळणं हा 'व्याघात'. आणि वर्ग पाडू नये तिथे पाडायचा, पाडायला हवा तिथे पाडायचा नाही, हा 'संप्लव'. दिवसभर अहवालांचे मसुदे तपासणाऱ्या कुणालाही ही यादी आजची वाटेल. माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांत तरी संप्लवच सगळ्यात जास्त.

आज आपण ज्याला अहवाल म्हणतो तो घाट मुख्यतः एकोणिसाव्या शतकात घडला. ब्रिटिश संसदेपुढे चौकशी आयोगांचे जाडजूड अहवाल येऊ लागले. निळ्या वेष्टनामुळे त्यांना 'ब्लू बुक' म्हणत. साक्षी, तक्ते, निष्कर्ष, शिफारशी हा क्रम तिथे रुळला. यातला १८४२ चा एक अहवाल जरा जवळून पाहण्यासारखा आहे. एडविन चॅडविक हे गरीब कायदा आयोगाचे, म्हणजे गरिबांना द्यायच्या सरकारी मदतीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे सचिव. कष्टकऱ्यांच्या वस्त्यांमधल्या आरोग्याची त्यांनी चौकशी केली आणि मृत्यूच्या वेळचं सरासरी वय वर्गवार मांडलं. लिव्हरपूलमध्ये प्रतिष्ठितांचं ३५, व्यापाऱ्यांचं २२ आणि मजुरांचं १५. (बालमृत्यू धरून काढलेली ही सरासरी आहे, त्यामुळे मजूर पंधराव्या वर्षी मरत होते असा अर्थ कुणी काढू नये. पण तक्त्याचा घाव बसायचा तो बसलाच.) या मजकुराखाली सही करायला आयोगाचे सदस्य तयार होईनात. शेवटी अहवाल एकट्या चॅडविक यांच्या नावाने निघाला. सहा वर्षांनी, १८४८ मध्ये, सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाला.

काहीसं असंच शंभर वर्षांनी पुन्हा घडलं. ब्रिटनमधल्या सामाजिक विम्याची पाहणी करणाऱ्या विल्यम बेव्हरिज यांच्या समितीत त्यांच्याखेरीज बाकी सगळे सरकारी अधिकारी होते. मसुदा धोरणाच्या वाटेला लागला, तसं ठरलं की अधिकाऱ्यांनी फक्त सल्लागार राहायचं आणि सही एकट्या बेव्हरिजनी करायची. १९४२ च्या डिसेंबरात अहवाल विक्रीला आला आणि लोकांनी रांगा लावून तो विकत घेतला. सामाजिक विम्यासारख्या रुक्ष विषयावरच्या सरकारी कागदाच्या लाखो प्रती खपल्या. नावाला अहवाल असला, तरी ते भूमिकापत्रच होतं. दैन्य, रोगराई, अज्ञान, बकालपणा आणि बेकारी या पाच राक्षसांशी लढायचं असं त्यात सरळ म्हटलं होतं.

समितीत फूट पडली तर काय, याचंही उत्तर ब्रिटनमध्येच मिळतं. १९०९ मध्ये गरीब कायद्याविषयीच्या शाही आयोगात समाजसुधारक बिअॅट्रिस वेब आणि आणखी तिघांनी बहुमताशी न जुळणारा स्वतंत्र अहवाल दिला. त्या वेळी तो बाजूला पडला, पण पुढच्या कल्याणकारी धोरणांच्या चर्चेत मूळ अहवालापेक्षा त्याचंच नाव जास्त निघतं. समितीच्या कागदाला जोडलेली भिन्नमतपत्रिका मी आधी वाचतो ती त्यामुळेच. खरं काय ते बहुधा तिथे असतं.

युद्धकाळात कागद इतके साचले की ९ ऑगस्ट १९४० रोजी पंतप्रधान चर्चिल यांना 'ब्रेव्हिटी', म्हणजे थोडक्यात लिहिण्याबद्दल टिपण काढावं लागलं. मुद्दे छोट्या, खणखणीत परिच्छेदांत द्या. तपशील आणि आकडे परिशिष्टात टाका. पोकळ वाक्प्रचार गाळा. आजच्या अहवालांतला सुरुवातीचा गोषवारा आणि शेवटची परिशिष्टं यांमागची गरज हीच: वरिष्ठ पहिलं पान वाचणार, बाकीचं पुराव्यापुरतं.

आता कागदांचे रंग. सरकारचं धोरण मांडणारी, ब्लू बुकपेक्षा आटोपशीर ती श्वेतपत्रिका. पॅलेस्टाइनविषयीची १९२२ ची चर्चिल श्वेतपत्रिका हे त्याचं गाजलेलं सुरुवातीचं उदाहरण. निर्णय व्हायचा असताना चर्चेसाठी काढतात ती हिरवी पत्रिका, ब्रिटनमध्ये १९६७ पासून. पुढे संगणक कंपन्यांनी 'व्हाइट पेपर' हे नाव आपल्या जाहिरातपत्रकांना लावलं, त्याबद्दल न बोललेलं बरं.

मुत्सद्देगिरीत तर सही टाळणं हीच कला. तिथे 'नॉन-पेपर' नावाचा प्रकार चालतो: शीर्षपत्र नाही, सही नाही, तारीखही बहुधा नाही. भूमिका तर समोर ठेवायची, पण विचारलं तर ती आमची नव्हेच. अमेरिकी मुत्सद्दी जॉर्ज केनन यांनी २२ फेब्रुवारी १९४६ रोजी मॉस्कोहून सोव्हिएत धोरणाबद्दल धाडलेली लांबलचक तार हा अंतर्गत अहवाल होता. तोच विचार जुलै १९४७ मध्ये 'फॉरेन अफेअर्स' या नियतकालिकात छापून आला तेव्हा लेखकाच्या जागी फक्त 'एक्स' होतं. सरकारी माणसाचं मत सरकारचं समजलं जाऊ नये म्हणून ही युक्ती. ती काही दिवसच टिकली आणि लेख सरकारची भूमिका म्हणूनच वाचला गेला.

विद्यापीठांच्या बाजूला वेगळंच झालं. १६६५ मध्ये रॉयल सोसायटीचं नियतकालिक सुरू झालं तेव्हा शोधनिबंध म्हणजे जवळपास पत्रंच होती: मी पाहिलं, मी करून बघितलं. हळूहळू हा 'मी' गळाला आणि 'असे आढळून आले' आलं. प्रस्तावना, पद्धती, निकाल, चर्चा हा साचा वैद्यकीय नियतकालिकांत १९४० च्या दशकात दिसू लागला आणि १९८० च्या दशकात तोच एकमेव उरला. साचा सोयीचा आहे, तक्रार नाही. पण 'असे दिसून येते' हे वाक्य मसुद्यात भेटलं की मी समासात 'कुणाला?' एवढंच लिहितो. निम्म्या वेळा उत्तर येत नाही, वाक्यच गायब होतं.

'चॅलेंजर' या अमेरिकी अवकाशयानाच्या १९८६ च्या अपघाताची चौकशी करणाऱ्या आयोगात भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते. यान गमावण्याची शक्यता अभियंते साधारण शंभरात एक सांगत होते आणि व्यवस्थापन लाखात एक. फाइनमन यांनी ही तफावत स्वतःच्या नावाने लिहून काढली, आणि ती जोडली नाही तर मुख्य अहवालावरून आपली सही काढून घेण्याचा इशारा दिला. ते टिपण 'परिशिष्ट एफ' म्हणून छापलं गेलं.

२०२३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने आपल्या नियमांत एक भर घातली: चॅटबॉटचं नाव लेखक म्हणून देता येणार नाही. मजकूर वाईट असतो असं कारण दिलेलं नाही. मजकुराच्या अचूकतेची जबाबदारी त्याला घेता येत नाही, हे कारण आहे.